शेवटच्या मिनिटाचे मालक

माझे काका दिवसभर ट्रकचं वजन करतात. भंगाराच्या गोदामासमोर रस्त्याला लागून एक वजनकाटा आहे, त्याच्या शेजारी एक केबिन, आणि केबिनमध्ये एक स्टूल, एक पंखा आणि काका. ट्रक काट्यावर चढला की ते खिडकीतून मान बाहेर काढून ड्रायव्हरला खाली उतरायला सांगतात. ड्रायव्हर कुरकुरतो, की एवढ्या लोखंडात माझ्या एकट्याच्या वजनाने काय फरक पडणार. काका त्याच्या पोटाकडे बघतात. तो उतरतो. काकांचा विनोद एवढाच, आणि तो विनोद आहे हे त्यांना माहीत नाही.

संध्याकाळी काटा बंद झाला की ते सायकलवर टांग टाकायचे आणि आमच्या कॉलेजच्या मागच्या हॉलमध्ये येऊन बास्केटबॉल टीमचे कोच व्हायचे. हे कित्येक वर्षं चाललं. कॉलेज त्यांना मानधन द्यायचं. काकू म्हणायची, त्यातला मान त्यांनी ठेवून घेतला असेल, धन काही घरापर्यंत आलं नाही. पण त्या सायकलवर ते ज्या घाईने बसायचे, ती घाई मी त्यांच्यात दुसऱ्या कशासाठीही पाहिलेली नाही. स्वतःच्या लग्नालासुद्धा म्हणे सावकाश आले होते. हेही काकूच सांगते.

टीममध्ये मी होतो, पण मला खेळाडू म्हणणं म्हणजे हॉलच्या दाराला खेळाडू म्हणण्यासारखं आहे. बेंचवर काकांच्या उजव्या हाताला माझी जागा. टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या माझ्या ताब्यात. पुतण्याला टीममध्ये घेतला म्हणून कुणी बोट दाखवू नये, याची काळजी त्यांनी मला एकदाही न खेळवून घेतली होती. खेळायचा तो त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ. मी त्याला दादा म्हणतो. टीममध्ये त्याला सगळे 'टपाल' म्हणायचे.

हे नाव त्याच्या फ्री थ्रोमुळे पडलं. समोरच्याने फाऊल केला की रेषेवर उभं राहून, मध्ये कुणी आडवं न येता, निवांत रिंगमध्ये चेंडू टाकायला मिळतो. निवांत असतो म्हणूनच तिथे भल्याभल्यांचे हात थरथरतात. दादाचे नाही. दोनदा चेंडू आपटायचा, उजवा तळवा चड्डीला पुसायचा आणि टाकायचा. चेंडू पत्त्यावर पोचलाच. त्याचं कारण साधं होतं. भंगारात आलेली एक लोखंडी कडी काकांनी गोदामाच्या भिंतीला ठोकून दिली होती, ती खऱ्या रिंगपेक्षा बरीच लहान होती. दादा शाळेपासून त्या कडीत चेंडू टाकत मोठा झाला. कॉलेजची रिंग त्याला विहिरीएवढी वाटत असणार.

आता काकांच्या पद्धतीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं.

रोजच्या सरावाच्या शेवटी काका 'शेवटचं मिनिट' घ्यायचे. भिंतीला टेकून उभे राहायचे आणि जाहीर करायचे, एका गुणाने मागे आहोत, चेंडू त्यांचा आहे, टाइमआउट उरलेला नाही, चला. आणि आम्ही ते मिनिट खेळायचं. रोज वेगळं मिनिट. त्यांचा सिद्धांत असा, की शेवटच्या मिनिटापर्यंत पोरांनी हवं तसं खेळावं, पण शेवटच्या मिनिटात पोरांची डोकी तापतात आणि तापलेल्या डोक्यातून शहाणपण निघत नाही. म्हणून त्या मिनिटाचे मालक काका. "डोकं माझं, हातपाय तुमचे," असं ते म्हणायचे. बेंचवरून ते हाताने खुणा करायचे. मूठ आवळली की चेंडू धरून ठेवा. एक बोट वर गेलं की चढाई करा. पंजा उघडला की फाऊल करा. चष्मा नावाचा आमचा एक हुशार गडी होता, त्याने एकदा विचारलं होतं, की सर, समजा खूण आली नाही आणि आम्हाला काही सुचलं तर? काकांनी त्याला हॉलला फेऱ्या मारायला लावल्या. किती मारायच्या ते सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो बराच वेळ मारत होता.

बाकीच्या टीममध्ये शेवटच्या मिनिटाला पाच जण पाच दिशांना विचार करायचे. आमच्यात एकच डोकं, आणि ते बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर घालून बेंचवर बसलेलं. असे आम्ही बरेच सामने काढले. हरलो तरी कुणाच्या नावाने हरलो नाही. काका एवढंच म्हणायचे, आज मी चुकलो. आणि सायकल काढायचे.

घरीही तेच. दादाने कुठला विषय घ्यायचा, पंखा कधी बदलायचा, खिडकी कुठल्या बाजूला उघडावी, हे काका ठरवायचे. ते हट्टी नव्हते, आवाज तर कधीच चढवायचे नाहीत. फक्त त्यांच्या आधी कुणी ठरवलेलं नसायचं. काकू म्हणायची, बरंय, दोष द्यायला एकच माणूस लागतो.

त्या वर्षी कॉलेजला नवे प्राचार्य आले. त्यांच्यापाठोपाठ एक तरुण माणूस हॉलमध्ये दिसायला लागला. त्याच्याकडे कोचिंगचा डिप्लोमा होता, लॅपटॉप होता आणि गळ्यात लाल दोरीची शिट्टी होती. तो कोपऱ्यात बसून बघायचा. वागायला चांगला होता, हे सांगायला हवं. काकांना बसायला आपली खुर्ची द्यायचा. काका बसायचे नाहीत. कॉलेजांच्या स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्यापर्यंत पोचलो, त्याच्या आधल्या आठवड्यात प्राचार्यांनी काकांना बोलावून स्पष्टच सांगितलं, की अंतिम सामना जिंकलात तर पुढच्या वर्षी टीम तुमचीच, नाहीतर मला आता शिकलेला माणूस घ्यावा लागेल. हे काकांनी घरी बूट काढता काढता सांगितलं, जसं उद्या पाणी येणार नाही म्हणून सांगावं. काकूने विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? ते म्हणाले, बरं म्हणालो.

अंतिम सामना आमच्याच हॉलमध्ये होता. दुपार होती, वरचा पत्रा तापलेला, जमिनीला नव्या पॉलिशचा वास. प्राचार्य पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी डिप्लोमावाला. आम्ही सुरुवातीपासून पुढे होतो आणि मग हळूहळू तेवढे पुढे राहिलो नाही. शेवटाकडे आमच्या लंबूचे पाच फाऊल भरले आणि तो सामन्यातून कायमचा बाहेर येऊन माझ्या शेजारी बसला. रिंगखाली उडी मारून चेंडू पकडणारा आमच्याकडे तो एकटाच होता. काकांनी शेवटचा टाइमआउट घेतला. पोरं धापा टाकत भोवती जमली. काका त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "पाणी प्या." मी बाटल्या दिल्या. शिट्टी झाली, पोरं परत गेली. आम्हाला वाटलं, काहीतरी मोठा डाव असणार, म्हणूनच बोलले नाहीत.

पुढे असं झालं. आम्ही एका गुणाने पुढे, आणि घड्याळात दोन सेकंद आणि वर थोडं. त्यांना काहीही करून घड्याळ थांबवायचं होतं, म्हणून त्यांच्या एका पोराने फाऊल केला. घाईत त्याने नेमका दादाला धरला. त्यांच्या कोचने कपाळावर हात मारला. टपालाला दोन फ्री थ्रो. आमच्या बाजूचे लोक सामना संपल्यासारखे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. लंबूने माझ्या हातातला टॉवेल घेऊन तोंड पुसलं, तेही जिंकलेल्या माणसासारखं.

पहिला थ्रो गेला. दोन गुणांनी पुढे.

दुसऱ्याच्या आधी दादाने मान वळवून बेंचकडे बघितलं. मिनिट शेवटचं होतं, खूण यायला हवी होती. मी काकांच्या शेजारी होतो. काकांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. मूठ नाही, बोट नाही, पंजा नाही. ते दादाकडे बघत होते आणि दादा त्यांच्याकडे. पंचांनी चेंडू दादाच्या हातात दिला.

दादाने चेंडू आपटला नाही. तळवाही पुसला नाही. छातीपासून सरळ, सपाट फेकला. चेंडू रिंगच्या थोडा खालून, कशालाही न लागता पलीकडे गेला. पंचांची शिट्टी वाजली. नियम असा, की फ्री थ्रो आत नाही गेला तरी चालेल, पण रिंगला लागलाच पाहिजे. नाही लागला तर चेंडू समोरच्यांचा, आणि घड्याळ जिथे थांबलंय तिथेच थांबलेलं.

त्यांनी आपला राहिलेला टाइमआउट घेतला, नियमाने चेंडू आमच्या रिंगजवळ आणून मिळाला, आणि एका हडकुळ्या पोराने कमानीबाहेरून फेकला. कमानीबाहेरून गेला की तीन गुण असतात. गेला. आम्ही एका गुणाने हरलो.

हॉलमधल्या आवाजाबद्दल मला काही सांगता येणार नाही. मी बाटल्या गोळा करत होतो. एकीचं झाकण सापडत नव्हतं आणि मला तेवढंच सुचत होतं.

कपडे बदलायच्या खोलीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बाहेर मात्र तोंडांना कामच मिळालं होतं. टपाल परत आलं, तिकीट लावायला विसरले, अशा कोट्या आम्ही घरी पोचायच्या आत आमच्या गल्लीत पोचल्या होत्या. दादा बुटाच्या नाड्या सोडत होता. चष्मा त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाला, मुद्दाम ना? दादाने मान डोलावली. चष्मा म्हणाला, बरोबर होतं. आणि आपली पिशवी उचलून गेला. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. मी राखीव होतो, आणि डोकंही त्याच दर्जाचं.

काकांनी सायकल काढली. नेहमीप्रमाणे 'आज मी चुकलो' म्हणाले नाहीत. मी वाट बघत होतो.

सोमवारी प्राचार्यांनी काकांना आणि दादाला बोलावलं. मी जर्सींचं गाठोडं परत करायला गेलो होतो, ते कुठे ठेवायचं हे कुणी सांगेना, म्हणून मी ते पोटाशी धरून प्राचार्यांच्या दारात उभा राहिलो, आणि मला जा असंही कुणी म्हटलं नाही. खोलीत काचेच्या कपाटात जुन्या ढाली होत्या. त्यातल्या काही काकांच्या काळातल्या होत्या, पण काका तिकडे पाठ करून बसले होते. डिप्लोमावाला भिंतीजवळ.

प्राचार्य माणूस वाईट नव्हते. मी त्यांच्याकडून वाईटपणाची तयारी करून गेलो होतो, ती वाया गेली. ते म्हणाले, की मी घरी जाऊन विचार केला. कोचचं काम कोचने केलं, मुलाचा हात ऐन वेळी चुकला. ते कुणाचंही होऊ शकतं, त्याला कोच काय करणार. तेव्हा आपण पुढच्या वर्षाचं पुन्हा बघू. डिप्लोमावाल्यानेही मान डोलावली, की हो, तो प्रसंग कुणाच्याच हातातला नव्हता. काकांनी फक्त हो म्हणायचं होतं. हो म्हणायचंही नव्हतं, गप्प बसलं असतं तरी पुरलं असतं. आणि गप्प बसण्यात काकांचा हात धरणारा कुणी नाही.

दादा म्हणाला, "सर, हात चुकला नाही. मी मुद्दाम चुकवला."

प्राचार्यांना ते समजायला वेळ लागला. मुद्दाम कशाला कुणी चुकवेल? डिप्लोमावाला मात्र खुर्चीत पुढे सरकला. त्याने विचारलं, की हे कुणी सांगितलं?

दादाने तोंड उघडलं होतं. मी बघितलं, उघडलं होतं.

"मी," काका म्हणाले.

डिप्लोमावाल्याने अगदी अदबीने विचारलं, की असा चुकवण्याचा सराव कधी घेतला होता का? काका म्हणाले, नाही. तो म्हणाला, मग न घेतलेली गोष्ट ऐन वेळी करायला कशी सांगितलीत? काका म्हणाले, सांगितली.   प्राचार्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, की मग माझा नाइलाज आहे, शनिवारी हॉलच्या आणि चेंडूंच्या खोलीच्या किल्ल्या आणून द्या. काका बरं म्हणाले आणि उठले. गाठोडं कुठे ठेवायचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी ते घरी घेऊन आलो.

परतताना काका सायकलवर पुढे गेले. आम्ही दोघं चालत. दादा म्हणाला, "आयुष्यात एक गोष्ट मी स्वतः ठरवली. ती पण चुकली. आणि ती पण त्यांनी घेतली." त्याच्या आवाजात राग शोधून मी दमलो. पावती वाचून दाखवावी तसा बोलला.

मग त्या घरात तो आठवडा गेला. भांडण नाही, अबोलासुद्धा नाही. मीठ दे म्हटलं तर मीठ मिळत होतं. काकूला एवढंच माहीत होतं की पद गेलं. ती म्हणाली, चला, आता संध्याकाळचे मोकळे आहात तर मोरीचा नळ बघा, कधीचा गळतोय. काकांनी नळ खोलला. सरावाच्या वेळेला ते मोरीत पाटावर बसायचे, वायसर काढायचे, बघायचे आणि परत बसवायचे. नळ गळतच राहिला. काकूने दुसऱ्या दिवसापासून खाली बादली लावली आणि विषय सोडला. बादली भरली की काका उठून ती रिकामी करायचे. आमच्या घरी माझ्या बाबांनी मला विचारलं, की भाऊ कसा आहे रे? मी म्हणालो, बरे आहेत. खोटं नव्हतं. आजारी तर कुणीच नव्हतं.

शुक्रवारी काकूने दादाच्या हाती काकांचा दुपारचा डबा दिला आणि याला बरोबर ने म्हणाली, म्हणजे मला. दोघांत तिसरा असला की बरं, असा तिचा हिशेब असावा. मीही गेलो. बेंचवर बसायची सवय असली की माणूस कुठेही बसतो.

केबिनमध्ये एकच स्टूल. काकांनी ते दादापुढे सरकवलं. दादा बसला नाही. मी बसलो. काकांनी डबा उघडला आणि झाकण हातात धरून उभे राहिले.

दादा म्हणाला, "तुम्ही मला सांगितलं नव्हतं."

"नाही."

"मग तिथे का म्हणालात?"

तेवढ्यात काट्यावर ट्रक चढला. काकांनी झाकण ठेवलं, खिडकीतून मान काढली, ड्रायव्हर उतरला, पावती झाली, ड्रायव्हर चढला, ट्रक गेला. आम्ही तिघं धूळ खाली बसेपर्यंत थांबलो.

"तू माझ्याकडे बघितलंस," काका म्हणाले.

"हो. तुम्ही खूण केली नाहीत. मला वाटलं, तुम्ही म्हणताय, तुझं तू बघ."

"मी काही म्हणत नव्हतो." काका डब्याकडे बघत होते. "मला काही सुचलंच नाही. तू बघत होतास, मी बघत होतो. डोक्यात काही नव्हतं."

काटा आज बंद आहे, असं ड्रायव्हरला सांगताना ते ज्या आवाजात बोलतात, त्याच आवाजात त्यांनी हे सांगितलं.

दादाने विचारलं, की हे तेव्हाच झालं? काका म्हणाले, नाही, लंबू बाहेर आला तेव्हापासून. टाइमआउट घेतला खरा, पण घेतल्यावर काय बोलायचं ते आठवेना. म्हणून पाणी प्या म्हणालो. मी स्टुलावर जरा सावरून बसलो. ते पाणी मीच दिलं होतं, आणि फार मोठ्या डावात सामील असल्यासारखं दिलं होतं.

"सांगायला मी हवं होतं," काका म्हणाले. "मिनिट माझं होतं. नाही सांगितलं. म्हणून तिथे म्हणालो."

"पण ठरवलं मी होतं, बाबा. बरोबर ठरवलं होतं."

"काय ठरवलं होतंस?"

मी वर बघितलं. दादानेही बघितलं. काकांनी कुणाला असं विचारलेलं आम्ही दोघांनीही ऐकलं नव्हतं.  मग त्याने सांगितलं. दुसरा थ्रो गेला असता तर आपण तीन गुणांनी पुढे. पण चेंडू आत गेला की तो त्यांचा, घड्याळ बंद, आणि त्यांच्याकडे टाइमआउट होता. म्हणजे चेंडू पुढे आणून, डाव लावून, तीन गुणांचा एक चांगला प्रयत्न त्यांना मिळणार. तो गेला तर बरोबरी, मग जादा वेळ, आणि जादा वेळेत लंबू नाही. त्याऐवजी चेंडू रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून उडाला असता, तर कुणाचा तरी हात लागताच घड्याळ चालू झालं असतं. दोन सेकंदांत उडी मारून चेंडू पकडायचा, वळायचं आणि हॉलच्या त्या टोकाला फेकायचा. तो कुठला जातोय.

काका ऐकत होते. मध्येच त्यांनी उजवा हात वर केला, पंजा अर्धवट उघडला, आणि परत खाली घेतला. ती खूण नव्हती. माशी असावी.

"बरोबर आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "रिंगला लागायला हवा होता."

"हो."

"चुकवायचा कसा, ते तुला कुणी शिकवलं नाही."

"तुम्हीच नाही शिकवलं."

"मला येत नाही," काका म्हणाले.

मला हसू आलं होतं, पण त्या दोघांपैकी कुणीही हसत नव्हतं, म्हणून मी ते तसंच गिळलं. काकांनी जेवायला सुरुवात केली. दादा खिडकीतून बाहेर बघत होता. गोदामाच्या भिंतीवरची कडी तिथून दिसते, पण तो तिकडे बघत नव्हता, रस्त्याकडे बघत होता.

तो म्हणाला, "उद्या किल्ल्या द्यायला जाल तेव्हा मी येतो. प्राचार्यांना सांगतो, तुम्ही नाही, मी ठरवलं. ते म्हणालेच होते, मुलाची चूक असेल तर पुन्हा बघू. कदाचित किल्ल्या परत देतील."

हे खरं होतं. प्राचार्य मऊ होते, डिप्लोमावालाही आड आला नसता. काकांचा घास हातात राहिला. नको म्हणाले असते तर दादाने ऐकलं असतं. ये म्हणाले असते तरी ऐकलं असतं.  एक ट्रक वळून काट्याकडे यायला लागला.

"तू ठरव," काका म्हणाले, आणि हात धुवायला बाहेर गेले.

शनिवारी सकाळी मी जर्सींचं गाठोडं घेऊन काकांच्या घरी गेलो, म्हटलं, किल्ल्यांबरोबर हेही जाऊ दे. दादा तयार होता. आंघोळ, इस्त्रीचा शर्ट, बूट. दाराजवळच्या खुर्चीवर बसला होता. काकू आत फरशी पुसत होती. काका किल्ल्यांचा जुडगा घेऊन बाहेर आले. गाठोडं सायकलच्या मागे बांधलं, दोरीची गाठ ओढून बघितली, परत सोडली, परत बांधली. त्यांनी दादाकडे बघितलं. दादाने त्यांच्याकडे. दादाचे हात गुडघ्यांवर होते.

काका सायकल हातात धरूनच फाटकाबाहेर गेले. कोपऱ्यापर्यंत चालत गेले, बसले नाहीत. मी दादाला म्हणालो, अरे, जातायत ते. तो हो म्हणाला. मी म्हणालो, अजून गाठशील. तो त्यालाही हो म्हणाला. मग मीही त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसलो, कारण उभं राहून करण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या घरातली बाई गादी वाळत घालून गेली. फरशी पुसत पुसत काकू बाहेरच्या खोलीपर्यंत आली.

काका परत आले तेव्हा हातात जुडगा नव्हता, सायकलच्या मागे नुसती दोरी होती. त्यांनी सायकल भिंतीला लावली, चपला दाराबाहेर काढल्या, ओल्या फरशीच्या कडेकडेने आत गेले आणि मोरीतली बादली रिकामी केल्याचा आवाज आला.

काकूने फडकं पिळलं आणि दादाकडे बघून म्हणाली, "बूट काढ आता. तिथलं पुसायचं राहिलंय."

दादाने नाड्या सोडल्या.